उलटा वाचलेला किल्ला

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी नावाच्या बोगद्याच्या तोंडाशी पोचलं की गाइड मशाल पेटवतो. चार वळणं आत गेल्यावर तो एका जागी थांबतो आणि मशाल पाठीमागे धरतो. क्षणात सगळं काळं. पायरी केवढी, भिंत किती हातांवर, पुढचं वळण कुठल्या अंगाला, काही म्हणजे काही कळत नाही. डोक्यावर वटवाघळं फडफडतात. मघापर्यंत रील काढत सगळ्यांच्या पुढे पळणारा पोरगा ‘अरे, थांब ना जरा’ म्हणत कुणाचा तरी शर्ट धरतो.

आता असं समजा, की या घोळक्यात एक जन्मांध माणूस आहे. मशाल गेली तरी त्याचं काहीच गेलेलं नाही. तळवा भिंतीला लावून, काठीनं पायरीची कड चाचपत तो आपल्या नेहमीच्या चालीनं पुढे निघालाय. साऱ्या घोळक्यात धडधाकट असा तो एकटाच.

डोळे आपले तेच आहेत, दोन मिनिटांपूर्वी होते तसेच. बदलली ती जागा. एवढी एक गोष्ट अंधारी आपल्याला शिकवते आणि ती थक्क करणारी आहे: माणूस अपंग किती, हे त्याच्या शरीरावर जेवढं ठरतं तेवढंच तो उभा आहे त्या जागेच्या घडणीवरही ठरतं. पाथरवटांनी छिन्नी-हातोडीनं एक असा बोगदा घडवला, की ज्यात शिरताच धट्टाकट्टा सैनिक आंधळा व्हावा. दगडाला हे जमत असेल, तर याच्या नेमकं उलटंही जमायला हवं. आंधळ्या माणसाला जिथे डोळ्यांची उणीव भासत नाही, गुडघे गेलेल्या आजीला जिथे जिना आठवत नाही, अशी जागा घडवता येईल? शहराच्या मधोमध, सगळ्यांसाठी?

अशा जागेला आपण सार्वजनिक बाग म्हणतो. निदान म्हणायला हवं.

न येऊ देण्याचं शास्त्र

बाग शिकायला किल्ल्यावर कशाला जायचं? कारण माणसाच्या शरीराचा एवढा बारीक अभ्यास फार कमी ठिकाणी दगडात उतरलाय. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवानं इथे देवगिरीची राजधानी वसवली. डोंगर सुमारे २०० मीटर उंच. त्याचा खालचा भाग चारही बाजूंनी तासून उभा केलेला, इतका की घोरपडीलाही पकड मिळू नये. भोवती कातळात खोदलेला खंदक, आणि आत जायला एकच वाट. दरवाजे एका रेषेत नाहीत, कारण सरळ रस्ता मिळाला तर हत्ती धाव घेऊन धडक देईल. म्हणून वाट वळवली आणि फळ्यांवर अणकुचीदार खिळे ठोकले.

प्रत्येक युक्तीमागे एक प्रश्न आहे. दम कुठे लागतो? नजर कुठे चुकते? पाय कुठे अडखळतो? घोळका कुठे दाटतो? बाग आखणाऱ्यालाही हेच प्रश्न पडतात, शब्दसुद्धा तेच. फरक एवढाच की किल्लेदार परक्याला शत्रू धरतो आणि बाग आखणाऱ्यानं त्याला पाहुणा धरायचं असतं. म्हणून हा किल्ला उलटा वाचला की बागेचा नकाशा दिसायला लागतो.

एका पायरीची किंमत

चढापासून सुरुवात करू. व्हीलचेअरवरच्या माणसाला स्वतःच्या हातांच्या बळावर चढता यावं म्हणून उताराचं एक प्रमाण ठरलेलं आहे: एकास बारा. एक हात उंची गाठायची तर बारा हात लांब उतार. आणि साधारण दर नऊ मीटरनंतर दीड मीटरचा सपाट विसावा, दंड सैल करायला.

हे गणित दौलताबादला लावून बघा, गंमत येते. २०० मीटर उंची म्हणजे २,४०० मीटर उतार. त्यात अडीचशेहून जास्त विसावे. सगळं मिळून जवळपास पावणेतीन किलोमीटरची वाट डोंगराभोवती गुंडाळावी लागेल. किल्ल्याच्या सातशेहून जास्त पायऱ्या म्हणजे याच पावणेतीन किलोमीटरची दाबून घडी घातलेली उंची. ती घडी आपण गुडघ्यांनी उलगडतो, म्हणून धाप लागते.

आता घराजवळच्या बागेत या. फाटकाशी एकच पायरी, १५ सेंटिमीटरची. आपल्या लक्षातही न येणारी. तिचं उत्तर आहे १.८ मीटरचा उतार, दोन पोती सिमेंटचं काम. तो नसेल तर त्या माणसाच्या दृष्टीनं ही बाग आणि बालेकिल्ला यांत काही फरक उरत नाही.

उतार झाला की आणखी एक नवल घडतं. तो केला व्हीलचेअरसाठी, पण वापरतात सगळेच: बाबागाडी ढकलणारी आई, वॉकर घेतलेले आजोबा, पाण्याचे जार आणणारा पोरगा, पाय मुरगळलेला क्रिकेटपटू. अमेरिकी वास्तुकार रोनाल्ड मेस लहानपणीच्या पोलिओमुळे स्वतः व्हीलचेअर वापरायचे. सगळ्यांना वापरता येईल अशा रचनेचा विचार त्यांनी रुजवला. ‘अपंगांसाठी वेगळी सोय’ ही भाषाच त्यांनी मोडीत काढली. वेगळं दार म्हणजे मागचं दार. एकच दार असावं आणि ते सगळ्यांना पुरावं.

हत्ती, मोटरसायकल आणि फाटक

दार म्हटलं की आपल्याकडचं ते नागमोडी लोखंडी फाटक डोळ्यांसमोर येतं. दुचाकी आत शिरू नये म्हणून लावलेलं, अंग चोरून आत जायचं असतं ते. किल्ल्यानं हत्ती अडवायला वाट वळवली, आपण मोटरसायकल अडवायला वळवतो. युक्ती एकच. मोटरसायकल अडते, तिच्यासोबत व्हीलचेअर अडते आणि बाबागाडीही अडते.

मग फट रुंद करावी म्हणाल, तर व्हीलचेअरला सुमारे ९० सेंटिमीटर लागतात आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात जाते. लोखंडाला या दोघांतला फरक कळत नाही, तो माणसालाच कळतो. फाटकाजवळ चहाची टपरी असेल, रोज येणाऱ्यांचा कट्टा असेल, ‘ए बाबा, गाडी बाहेर लाव’ म्हणणारं कुणी असेल, तर फाटक रुंद ठेवता येतं. बागेचे बरेचसे प्रश्न असे नकाशावर सुटत नाहीत. ते बागेला आपलं मानणाऱ्यांवर सोडावे लागतात.

अंधाराचंही तेच. अंधारीत भिंत हाताला कळते, पायरी पायाला कळते. हेच ज्ञान मदतीला घेऊन जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवट्यांची फरशी शोधली. पायाखाली किंवा काठीला रेघा लागल्या तर सरळ चाला, ठिपके लागले तर थांबा. मार्च १९६७ मध्ये ती पहिल्यांदा बसवली गेली ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर. आज मेट्रो स्थानकावर आपण जी पिवळी फरशी तुडवतो, ती हीच. आणि ओकायामा हे नाव मराठी कानांना परकं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान या शहराच्या मैत्रीतूनच उभं राहिलं. तिथल्या हिरवळीचे फोटो आपण ढिगानं काढतो. त्याच गावानं जगाला पायांनी वाचायची लिपी दिली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मुली कुठे गेल्या?

किल्ल्याला एकच वाट का ठेवतात? मोजक्या माणसांना ती अडवता येते म्हणून. बागेला एकच फाटक असेल तर?

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९६-९७ मध्ये बागांची पाहणी झाली. लहान मुलं-मुली सारख्याच संख्येनं बागेत दिसत होती. वयाची नऊ वर्षं ओलांडली की मुली मात्र झपाट्यानं कमी व्हायच्या. मुलगे होते तिथेच. कुणी बंदी घातलेली नव्हती, पाटी नव्हती. मोकळ्या मैदानाचा ताबा मुलग्यांच्या खेळानं घेतला, की मुली भांडत बसत नसत. त्या सरळ घरी जात. नगररचनाकारांनी मग दोन बागा नव्यानं आखल्या. मोठ्या मैदानाचे लहान भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, आतबाहेर करायच्या जागा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली. मुली परतल्या, आणि मुलग्यांनाही कुणी हाकललं नाही.

ही गोष्ट परदेशातली असली तरी आपल्याला ओळखीची वाटते, कारण आपलं सगळ्यात जुनं सार्वजनिक बसायचं ठिकाण म्हणजे गावातला वडाचा पार. सावली उत्तम, ओटा उत्तम, गप्पा तर फर्मास. पण पारावर बसायचं कोण? बाप्येमाणसं. बाया त्याच्यासमोरून पदर सावरत, पावलं उचलत जायच्या. त्यांचा पार म्हणजे पाणवठा, तोही डोक्यावर हंडा घेऊन. आणि पारावर चढायची, पाणवठ्यावर उतरायची मुभा कुणाकुणाला मुळीच नव्हती, हा हिशेब अजून वेगळा.

तो हिशेब दौलताबादच्या दारातच मांडला गेलेला आहे.

हौदाकाठची ओंजळ

साल १९३४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि चळवळीतले त्यांचे सहकारी, मिळून सुमारे तीस जण, वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचे दिवस होते. अंगावर, कपड्यांवर प्रवासाची धूळ. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेला एक लहान हौद, भोवती रुंद फरसबंदी. काही जणांनी त्या पाण्यानं हातपाय-तोंड धुतलं आणि मंडळी दाराकडे वळली. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत धावत आले: अस्पृश्यांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. बरीच हुज्जत झाल्यावर आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. हिंदूंनी ज्याला अस्पृश्य ठरवलं तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

या प्रसंगाकडे बाग आखणाऱ्याच्या नजरेनं पाहा. हौदाला पायऱ्यांची अडचण नव्हती. फरसबंदी रुंद होती, पाणी काठोकाठ म्हणजे हात लांबवला की मिळेल असं. आजच्या कुठल्याही तपासणी-तक्त्यावर तो हौद ‘सुगम’ ठरला असता, आणि तरीही तो बंद होता. देवगिरीच्या तासलेल्या कड्याहून चढायला अवघड अशी एक भिंत होती आणि तिला एकही दगड लागलेला नव्हता.

म्हणून सगळ्यांची बाग दोनदा बांधावी लागते. एकदा दगड-मातीत, उतार आणि फरशी घालून. दुसऱ्यांदा माणसांत. पहिलं काम कंत्राटदार करू शकतो. दुसऱ्याचं टेंडर काढता येत नाही.

कागदावर दार उघडणं आणि प्रत्यक्षात ते उघडणं यांत किती अंतर असतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनं पाठोपाठ तसा ठराव केला. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला, तोही हजारोंनी चालत जाऊन. आज दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ आहे, त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे. ७४व्या घटनादुरुस्तीनं बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला आहे. कागद भक्कम आहे. ओंजळ भरायची आहे.

आठ पायऱ्यांची शिडी

ही ओंजळ लोकांनीच भरायची, पण ‘लोकसहभाग’ म्हणजे नेमकं काय? शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये याची एक शिडी मांडली. पायऱ्या आठ. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं घोळात घेतलं जातं. मधल्या पायऱ्यांवर माहिती दिली जाते, मतं विचारली जातात, समजूत काढली जाते. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी येते, अधिकार येतो आणि शेवटी कारभारच लोकांच्या हाती येतो. आपल्या बहुतेक बैठका मधल्या पायरीवर चहा-बिस्कीट घेऊन संपतात. आराखडा छापून झालेला असतो, फक्त ‘काही सूचना?’ एवढं विचारायचं बाकी असतं.

वर चढायचं तर विचारण्याची रीत बदलावी लागते. बैठक संध्याकाळी सात वाजता घेतली तर स्वयंपाकाच्या वेळेमुळे बाया येणार नाहीत. दुपारी घेतली तर मजुरीवर गेलेले येणार नाहीत. म्हणून एकच बैठक कधीच पुरत नाही. ‘तुम्हाला काय हवं?’ विचारलं तर सगळे कारंजंच सांगतात, कारण बाग म्हटलं की सिनेमातली बाग आठवते. त्याऐवजी ‘काल दुपारी तीन वाजता तुम्ही कुठे बसला होता?’ असं विचारलं की खरी बाग सापडायला लागते. लहान मुलांना वाळूत बाग करायला सांगावं. ते हमखास चढायची जागा, लपायची जागा आणि पाणी, या तीन गोष्टी करतात. बायांबरोबर अंधार पडल्यावर फेरी मारावी आणि पाऊल जिथे आपोआप भराभर पडायला लागतं तिथे खूण करावी. दिव्याचा खांब तिथे. स्वच्छतागृहाचंही तसंच. ते नसेल तर बाई घरून निघतानाच पाणी कमी पिते आणि अर्ध्या तासात परतते. बाग दिवसभर उघडी असली तरी तिच्यापुरती अर्धा तासच.

मराठवाड्यात तर सावली हा न्यायाचा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी बाग कुलूपबंद ठेवली, तर ती सकाळी चालायला येणाऱ्यांची होते. ज्याचं घरच पत्र्याचं आहे, त्याला कडुनिंबाखालचा बाक नेमका दुपारीच हवा असतो. दौलताबादच्या तटबंदीत अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकात एक वेढे आहेत. सर्वसामान्य रयत बाहेरच्या वेढ्यात, राजवाडा सगळ्यात आत. बागेची वेळ आणि तिकीट हेही असेच न दिसणारे वेढे.

लोकांनी मागावं आणि शहरानं द्यावं, हे घडू शकतं याची एक लोभस साक्ष ॲमस्टरडॅममध्ये आहे. १९४७ मध्ये तरुण वास्तुकार आल्डो व्हान आइक यांनी एका चौकात लहानसं क्रीडांगण केलं: वाळूचा हौद, लोखंडी दांड्या, बाक. ते पाहून इतर मोहल्ल्यांतले लोक पालिकेला पत्रं लिहू लागले, आमच्या गल्लीतही अशी पडीक जागा आहे म्हणून. पुढच्या तीस वर्षांत अशी सातशेहून अधिक क्रीडांगणं झाली. आपल्याकडे पुणे महापालिकेनं २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं मागवून अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. तीही एका अर्थी पत्रपेटीच.

खामचा काठ

दौलताबादहून पंधरा किलोमीटर आलं की छत्रपती संभाजीनगर, आणि शहरातून वाहणारी खाम नदी. मलिक अंबरानं सतराव्या शतकात या शहराला जमिनीखालून नहरीनं पाणी दिलं. पाणचक्कीपाशी तसंच डोंगराकडून आणलेलं पाणी उंचावरून पडून जातं फिरवायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळायचं. पाणी, सावली, बसायला जागा, वर भाकरीची सोय: सार्वजनिक जागेची याहून नेटकी व्याख्या सापडणं कठीण. ही पाणचक्की खामच्या काठावरच आहे आणि त्याच काठावर पुढे शहरानं कचरा टाकला.

२०२१ मध्ये महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक उद्योगसमूह यांनी मिळून खामच्या पुनरुज्जीवनाची मोहीम हाती घेतली. लोखंडी पुलाजवळ काठावर लोकांसाठी जागा तयार झाली. यातली शिकण्यासारखी गोष्ट क्रमाची आहे. नदीकाठी बाग करायची तर आधी नदीत येणारा कचरा थांबवावा लागतो. तो थांबवायचा तर घराघरातून वेगळा गोळा व्हावा लागतो. म्हणजे बागेचं पहिलं काम बागेपासून दूर, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सुरू होतं. तिथली बाई ओला-सुका वेगळा करते तेव्हा ती नदीकाठचा एक दगड बसवत असते. ज्यानं दगड बसवला, तो आपली जागा सांभाळतो. सहभागाचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे.

खाली थांबलेली माणसं

परत दौलताबादला येऊ. किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येक कुटुंबातलं कुणीतरी खालीच थांबतं. आजी म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच.’ चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि झोपलेलं बाळ तिच्या हवाली करून बाकीचे वर जातात. ती आधी सावली बघते. मग टेकायला भिंत बघते. मग येणारे-जाणारे दिसतील अशी थोडी सरकते. पाण्याचा नळ कुठे आणि स्वच्छतागृह कुठे, हे कुणाला तरी विचारून ठेवते. शेजारी अशीच थांबलेली दुसरी कुणी असली की दहा मिनिटांत गावाची, लेकीसुनांची चौकशी सुरू होते. सीताफळांच्या दिवसांत टोपलीवाली बाईही तिथेच टेकते.

दोन तासांनी मंडळी घामाघूम होऊन खाली उतरतात आणि अंधारीची, तोफेची, वरून दिसणाऱ्या मुलखाची वर्णनं तिला ऐकवतात. ती ऐकते आणि बाळाला त्यांच्या हाती देते. सावली, पाठीला टेका, समोर माणसांची वर्दळ, हाताशी पाणी, आणि शेजारी बोलायला अनोळखी बाई: या दोन तासांत बागेचा अख्खा आराखडा तिनं बसल्या जागी करून ठेवलेला असतो. वहीपेन्सिल घेऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसायचं तेवढं बाकी असतं.